व्हर्ली ब्लाँडचा मूळ पाठ

व्हर्ली ब्लाँड या आमच्या गावच्या बिअरच्या डब्यावर ‘तीच कृती, तीच चव’ ही ओळ पूर्वी कधीही नव्हती. ज्या गोष्टीविषयी कोणाला शंका नसते तिची ग्वाही देण्याची गरज पडत नाही. ब्रुअरी विकली गेली, बिअर दुसऱ्या राज्यातील एका अवाढव्य कारखान्यात तयार होऊन ट्रकने आमच्याकडे परत येऊ लागली, आणि मगच ती ओळ सोनेरी अक्षरांत छापली जाऊ लागली. डबा तोच, त्यावरील रस्त्याकडेच्या छोट्या प्रार्थनाघराचे चित्र तेच, व्हर्ली हे नावही तेच. ज्या कॉलेजात मी लॅटिन शिकवीत असे, त्याने लॅटिनचा विभाग बंद केल्यावरही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचे लॅटिन बोधवाक्य तसेच ठेवले होते. त्यामुळे या प्रकारच्या कारागिरीशी माझा परिचय होता.

गावाने पहिला डबा फोडला, एक घोट घेतला आणि निकाल दिला की ही ती नव्हे. जुनी ब्लाँड फिकट सोनेरी आणि हलकी होती, आणि घोट गिळल्यानंतर जिभेवर काहीतरी मऊ, गोडसर, घरगुती असे रेंगाळत असे; त्याला नाव देण्याची आवश्यकता कोणाला वाटली नव्हती. नवी ब्लाँड स्वच्छ होती, कोरडी होती, इस्त्रीच्या शर्टासारखी निर्दोष होती, आणि गिळली की संपत होती.

दोष कोणाचा हे ठरवायला गावाला एक बैठकही लागली नाही. कंपनीने कृतीत भेसळ केली, स्वस्त माल घातला, आणि नॉर्बर्ट व्हर्लीने हे माहीत असूनही तोंड बंद ठेवले, असे ठरले. नॉर्बर्टचे म्हणणे नेमके उलट होते. तो सांगे की कारखान्यात पहिला घाणा निघाला तेव्हा तो स्वतः तेथे उभा होता. माल्ट म्हणजे मोड आणलेले जव तेच, हॉप्सची कडवट फुले तीच, आंबवणारे यीस्ट तर त्याने स्वतःच्या हाताने नेले होते. एक दाणाही बदललेला नाही. हे तो इतक्या चिकाटीने सांगे, की खोटे बोलण्याचेही त्याला पैसे मिळाले असावेत असे लोकांनी गृहीत धरले.

हे गृहीत धरणाऱ्यांत त्याची थोरली बहीण ओडील सर्वांत पुढे होती. त्यांच्या वडिलांनी मरताना ब्रुअरी मुलाला दिली आणि बार मुलीला. म्हणजे एकाला विहीर दिली आणि दुसरीला घागर. विक्रीच्या वेळी ओडीलला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची गरज कायद्यात नव्हती. ब्रुअरीचे छप्पर गळत होते, नॉर्बर्टचे गुडघे गेले होते, मूलबाळ नव्हते, आणि कंपनीची माणसे फार अदबीने बोलत. हे सगळे ओडीलला समजत होते.

“विकलीस त्याचं मला वाईट वाटतं, पण ते मी गिळीन,” तिने एकदा भरल्या बारमध्ये त्याला सुनावले होते. “तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस ना, ते नाही गिळवत.”

“मी खोटं नाही बोलत, ओडील.”

“मग माझी जीभ खोटं बोलते?”

तरीही शुक्रवारी संध्याकाळी, सगळा गाव तळलेले मासे खायला ओडीलकडे जमे तेव्हा, तोही येई आणि बारच्या टोकाच्या स्टुलावर बसे. ओडील त्याला काय हवे हे विचारत नसे. कंपनीचा एक थंड डबा ती त्याच्यासमोर ठेवी, शेजारी ग्लास न ठेवता, आणि वळून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करी. तो डबा तो मुकाट्याने संपवी. आमच्याकडे सार्वजनिक प्रायश्चित्ताची प्रथा चर्चने केव्हाच सोडून दिली. ओडीलने ती चालू ठेवली होती.

पानगळीच्या दिवसांत एका सकाळी तो माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला.

“प्रोफेसर, तुझ्याकडे ते मोठं पातेलं आहे ना, टर्की तळायचं?”

“बिअर करायचं. टर्की मी एकदाच तळली. तेव्हा भुवया गेल्या.”

“तेच. मला ते हवंय. आणि तूही.”

आमच्या गावात घरी बिअर करणाऱ्यांचे एक मंडळ आहे. चर्चच्या तळघरातील सभागृहात ते जमते, आणि आपापल्या बाटल्या एकमेकांसमोर ठेवून अत्यंत सौजन्याने एकमेकांचा अपमान करते. मी त्या मंडळाची सभासद. नॉर्बर्ट मात्र तेथे कधी फिरकला नव्हता. ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या ब्रुअरी आहे त्याने गॅरेजात पातेले चढवावे, हे आचाऱ्याने भातुकली खेळण्यासारखे त्याला वाटत असावे.

“कराराचं काय?” मी विचारले.

“करारात लिहिलंय, विकायला करायची नाही आणि कृती कोणाला सांगायची नाही. प्यायला करायची नाही असं कुठं लिहिलंय?”

“आणि कृती मला सांगितल्याशिवाय माझ्याबरोबर कशी करणार?”

“मी मोजताना तू पाठ फिरव. मग ढवळ.”

मी हसले. तो हसला नाही. बाकावर बसून त्याने गुडघे चोळले आणि म्हणाला, “मला ती एकदा ओडीलला पाजायचीय. माझ्या हातची, माझ्या कृतीची. एक घोट घेतला की तिला कळेल, कृती तीच आहे. मग हवं तर तिनं मला आयुष्यभर शिव्या घालाव्यात, विकली म्हणून. पण खोटारडा म्हणून नको.”

मी होकार दिला तो निव्वळ दयाळूपणाने नव्हे. त्या सोनेरी ओळीखाली काहीतरी कुजलेले आहे याबद्दल माझी खात्री होती, आणि ते उकरून काढायचे एवढी शिस्तबद्ध द्वेषबुद्धी माझ्यात शिल्लक होती. मूळ प्रत समोर असली की भ्रष्ट प्रतीतील फेरफार आपोआप उघडे पडतात. माझ्या जुन्या विद्येतील ही पहिली पायरी. कंपनीने काय काढले आणि काय घुसडले हे आता ग्लासात दिसणार होते.

नॉर्बर्टने माल्ट मोजले तेव्हा मी भिंतीवरच्या फावड्याकडे पाहत उभी राहिले. हॉप्स मोजले तेव्हाही. मग त्याने हाक मारली आणि मी ढवळू लागले. गरम पाण्यात भिजलेल्या माल्टचा वास गॅरेजभर पसरला, गोड रस पातेल्यात खळखळून उकळला, निवला, आणि काचेच्या बुधल्यात यीस्टच्या स्वाधीन झाला. फेस वर येऊन पुन्हा खाली बसेपर्यंत आमचे काम वाट पाहण्याचे.

बिअर तयार झाली तेव्हा एका ग्लासात ती ओतली, दुसऱ्यात कंपनीचा डबा. ग्लासांची अदलाबदल मी केली, त्याच्या मागे उभी राहून. त्याने दोन्ही प्याले चाखले, पुन्हा चाखले, आणि त्याचा चेहरा उतरला.

“कुठली कुठली आहे?”

“तूच सांग.”

“मला नाही कळत.”

मलाही कळले नसते. त्याची बिअर आणि कंपनीची बिअर यांत भेद करता येत नव्हता. ज्या आरोपपत्रासाठी मी इतकी तयारी केली होती त्याचा पहिला साक्षीदार आरोपीच्या बाजूने उभा राहिला होता. कंपनीने खरोखरच काही बदलले नव्हते. भामट्यांनी एखादे वचन अक्षरशः पाळावे याहून मोठी गैरसोय नाही.

“म्हणजे तू खरं बोलत होतास,” मी म्हणाले.

“हे ओडीलला कसं सांगू? तिला काय दिसणार? मी त्यांचीच बिअर करून आणली.” तो दोन्ही ग्लासांकडे आळीपाळीने पाहत राहिला. “प्रोफेसर, ती जुनी चव होती ना? का आपण सगळे म्हातारे झालो?”

“सगळा गाव एकाच हंगामात?”

“मग कुठे गेली?”

येथून आम्ही जे केले त्याला आमच्या मंडळात संशोधन म्हणतात. बुधला तळघरात थंड ठेवला, मग स्वयंपाकघरात उबदार. पाण्यावर संशय घेता येत नव्हता, ते गावचेच होते. भर हिवाळ्यापर्यंत नॉर्बर्ट माझ्या गॅरेजचा रहिवासी झाला आणि प्रत्येक नवा घाणा आम्ही मंडळाच्या बैठकीत नेला. म्हणजेच वेंडेलसमोर नेला.

वेंडेल गावचा दंतवैद्य. बिअर पारखण्याची रीतसर परीक्षा तो उत्तीर्ण झालेला आहे, आणि त्याच्या नाकाला मंडळात धर्मपीठाचा मान आहे. बिअरमध्ये काय चांगले आहे हे तो क्वचित सांगतो. काय वाईट आहे हे त्याला पाठ आहे. लोणी, ओला पुठ्ठा, तांब्याचे नाणे, कच्चे सफरचंद अशी दोषांची एक मालिकाच त्या परीक्षेत घोकून घेतात, आणि परीक्षार्थींना मुद्दाम बिघडवलेले नमुने हुंगायला देतात. त्या शिक्षणाने माणूस सज्जन होतो, सावध होतो, आणि त्याला पुन्हा कधीही निर्धास्तपणे बिअर पिता येत नाही.

“उकळी जोरात हवी, नॉर्बर्ट,” तो सांगे. “खळखळून. आणि झाकण अजिबात नको. वाफेबरोबर घाण जाते.”

“आमच्याकडे उकळी काय, जमेल तशी असायची.”

“म्हणून तर तुमची ब्रुअरी गेली,” कोणीतरी मागून म्हणाले, आणि मग सभागृहात खुर्च्या सरकण्याचे आवाज जरा जास्तच झाले.

वेंडेलची प्रत्येक सूचना आम्ही पाळली. प्रत्येक सूचनेने बिअर सुधारली आणि प्रत्येक सुधारणेने ती आमच्यापासून आणखी दूर गेली. शेवटी ती अशी झाली की वेंडेलने डोळे मिटून मान डोलावली आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धेला पाठवा म्हणून सुचवले. नॉर्बर्टने त्याचे आभार मानले. परत येताना माझ्या गाडीत तो खिडकीबाहेर पाहत बसला होता.

“तिच्यापुढे हे नेलं तर ती म्हणेल, छान आहे. ओडील परक्या माणसाला म्हणते ना, छान आहे, तसं.”

जुन्या हस्तलिखितात एखादा ओबडधोबड शब्द आढळला की लेखनिकाची चूक समजून तो गुळगुळीत करणारे संपादक मी आयुष्यभर वाचले होते, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मी कधी हात आखडता घेतला नव्हता. गॅरेजात मी त्यांचेच काम करीत होते, हे माझ्या लक्षात आले नाही. विद्वत्ता अशी असते की ती टेबलाजवळून उठली की सोबत येतेच असे नाही.

जानेवारीत गावाजवळच्या सरोवरावरून वादळ आले त्या दिवशी आम्ही पातेले चढवून बसलो होतो. धूर कोंडू नये म्हणून गॅरेजचे दार वीतभर उघडे ठेवावे लागते, आणि त्या वीतभर फटीतून अख्खे वादळ आत शिरत होते. शेगडीची ज्योत आडवी पडत होती. पातेले नुसते कुरकुरत होते, उकळायचे नाव नाही. नॉर्बर्टने टोपी कानांवर ओढली, भिंतीवरचे झाकण काढले आणि पातेल्यावर टाकले.

“झाकण नको. वेंडेल ओरडेल.”

“वेंडेलला म्हणावं, इथे येऊन फुंकर घाल.”

झाकणाखाली रस कसाबसा उकळला. जोरात नव्हे, आजारी माणसाने बोलावे तसा. मी एकदा झाकण उचलले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूने पाण्याची एक धार परत रसात पडली. मी ते पाहिले आणि झाकण पुन्हा ठेवले. बोटे बधिर झाली होती. त्या दिवशी आमची जिज्ञासा शेगडीपुरतीच होती.

तो घाणा मंडळात न्यावा की नाही यावर आमचा वाद झाला. नॉर्बर्ट म्हणाला, नेऊ, निदान वेंडेलला एकदा तरी मनासारखं बोलता येईल. वेंडेलने ग्लास नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा उजळला.

“कणसं कोणी उकडली?”

सभागृह हसले.

“उकडलेल्या मक्याचा वास येतोय, स्वच्छ. झाकण ठेवलंत ना? प्रोफेसर, ही पहिल्या वर्षाची चूक! जी वाफ बाहेर जायला हवी ती थेंब होऊन परत आत पडते. पुस्तकात द्यावं असं उदाहरण आहे हे. सगळ्यांनी हुंगून घ्या, आणि मग ओतून टाका.”

ग्लास हातोहात फिरला, प्रत्येकाने हुंगून शहाणे झाल्याचा चेहरा केला, आणि शेवटी तो टेबलाच्या टोकाला बसलेल्या नॉर्बर्टकडे आला. तो उठला आणि कोपऱ्यातल्या मोरीकडे गेला. त्याने नळ सोडला. ग्लास तिरपा केला. पण ज्याने जन्मभर बिअर केली आहे त्याच्या हातून ती न चाखता सांडत नाही. त्याने सवयीने एक घोट घेतला.

नळ वाहत राहिला. आमच्याकडे त्याची पाठ होती.

“नॉर्बर्ट?” मी म्हणाले.

“वेंडेल,” तो न वळता म्हणाला, “परत सांग. कसला वास?”

“उकडलेल्या मक्याचा. अरे, मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांचं होतं...”

“आणि वाफेचे थेंब परत आत पडले की येतो?”

“हो.”

त्याने नळ बंद केला. “आमच्या धुराड्यावर पत्र्याची टोपी होती,” तो म्हणाला.

मग त्याने त्या टोपीची हकिगत सांगितली. ब्रुअरीच्या मोठ्या कढईवरून जे धुराडे छपराबाहेर जाई त्यात पाकोळ्या हे छोटे पक्षी घरटी करीत, आणि घरटी कढईत पडत. म्हणून वडिलांनी त्यावर पत्र्याची एक टोपी ठोकली. घाईत ठोकली, त्यामुळे धुराडे जवळजवळ बुजले. वाफ वर जाई, टोपीला थडके, पाणी होई आणि दिवसभर टपटप परत कढईत पडे. वडिलांच्या काळात पडे, नॉर्बर्टच्या काळातही. पत्रा गंजला तेव्हा त्याने तसाच दुसरा ठोकला, कारण पाकोळ्या अजून येत होत्या.

“आणि कारखान्यात?” मी विचारले.

“तिथलं धुराडं एवढं सरळ, एवढं रुंद होतं! मला बघून लाज वाटली आमच्या धुराड्याची.” तो ग्लासाकडे पाहत होता. “मी त्यांना सगळं दिलं गं. टोपी द्यायची राहिली. मलाच ठाऊक नव्हतं.”

ग्लास पुन्हा फिरू लागला, पण आता कोणी हुंगत नव्हते, पीत होते. आणि एकेकाच्या चेहऱ्यावर काय उमटत होते ते मी वर्णन करणार नाही, कारण ती माणसे माझी शेजारी आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. सर्वांत शेवटी वेंडेलने ग्लास घेतला. ज्या वासासाठी त्याने अर्ध्या मंडळाला नापास केले होते, तो वास तो स्वतः तरुणपणापासून दर शुक्रवारी पैसे देऊन पीत आला होता.

“दोष आहे,” तो म्हणाला. “दोष म्हणजे दोषच.” मग त्याने ग्लास पुढे केला. “अजून आहे का?”

घरी केलेली बिअर कायद्याने बारमध्ये वाढता येत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक येण्याच्या आधी, आम्ही ओडीलच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो. ती माशांसाठी पीठ कालवत होती. कोपरापर्यंत हात पांढरे. शेगडीवर बटाट्यांचे पातेले रटरटत होते.

“मागच्या दाराने?” ती भावाकडे न पाहता मला म्हणाली. “तू कशाला याच्याबरोबर फिरतेस? तुलाही कंपनीनं पगारावर ठेवलंय का?”

“एक घोट घे. मग बोल.”

“मला काम आहे.”

“ओडील,” नॉर्बर्ट म्हणाला. “एक घोट.”

तिने हात पुसले नाहीत. ग्लास मनगटांत धरून उचलला. प्यायली. गिळले. मग ती तशीच उभी राहिली, तोंड किंचित उघडे ठेवून, जसे आपण कोणाची हाक ऐकू आली का म्हणून थांबतो. तिचे डोळे भरून आले, आणि ते भरलेले डोळे तिने भावावर रोखले ते संतापाने.

“कुठे लपवून ठेवली होतीस?”

“काय?”

“जुन्या बाटल्या! स्वतःसाठी ठेवल्यास? आम्हाला ते डबे प्यायला लावून घरी बसून ही पीत होतास?”

“ओडील, ही नवीन आहे. या महिन्यातली.”

“आणि परत खोटं!”

सत्य सिद्ध करायला आणलेला पुरावाच नॉर्बर्टच्या विरुद्ध गेला होता, आणि तो आता वाद घालणार नव्हता हे मला दिसले. तो दाराकडे वळू लागला होता.

“मी ढवळली आहे ती,” मी म्हणाले. “माझ्या गॅरेजात. वादळाच्या दिवशी. मंडळातल्या कोणालाही विचार. वेंडेलला विचार.”

“तो दातवाला काय सांगणार?”

“तो सांगेल की ही बिअर बिघडलेली आहे.”

ती थबकली. नॉर्बर्ट परत फिरला, शेगडीजवळ गेला, बटाट्यांवरचे झाकण उचलले आणि पातेल्यावर तिरपे धरले. आतले पाणी ओघळून थेंबथेंब परत पातेल्यात पडले.

“बाबांची टोपी,” तो म्हणाला. “धुराड्यावरची.”

ओडीलने झाकणाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, मग ग्लासाकडे. ती हुशार बाई आहे. तिला अधिक सांगावे लागले नाही.

“मी दर वर्षी ओरडायचे ते? धुराडं मोकळं कर, धुराडं मोकळं कर?”

“हो.”

“आणि तू आळशीपणानं केलं नाहीस.”

“हो.”

“म्हणजे मला आवडायचा तो तुझा आळशीपणा?”

“बाबांचाही थोडा.”

ती खुर्चीत बसली आणि हसू लागली, आणि हसता हसता पिठाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे तिचा चेहरा भुतासारखा झाला. मग हसणे ओसरले. “म्हणजे कृती त्यांनी बदलली नाही.”

“नाही.”

“तू सांगत होतास.”

“हो.”

तिने ग्लास संपवला. “बरं. हे आता कोणाला सांगायचं नाही. राहू देत त्यांना त्यांच्या सरळ धुराड्यापाशी.”

“कंपनीला सांगावं लागेल,” नॉर्बर्ट म्हणाला.

“कशाला?”

“मी सही केलीय. बिअर कशी होते ते सगळं सांगीन म्हणून. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता झालंय.”

ओडीलने माझ्याकडे पाहिले, जणू हा माणूस मी तिच्या घरी आणून सोडला होता. “देवा! याला खोटं बोलता येत असतं तर आपलं किती बरं झालं असतं!”

तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून, आवाज मोठा करून, त्याने तेथूनच नंबर लावला. बराच वेळ संगीत वाजले. मग गुणवत्ता विभागातील एक तरुण आवाज आला; अतिशय नम्र, अतिशय प्रसन्न. नॉर्बर्टने आपले नाव सांगितले, आणि डब्यावर तेच नाव असल्याचा त्या आवाजावर काही परिणाम झाला नाही. नॉर्बर्टने टोपीचे सांगितले, थेंबांचे सांगितले, मक्याच्या वासाचे सांगितले. सावकाश, काही गाळले जाऊ नये अशा बेताने.

“सर, तुम्ही ज्याचा उल्लेख करताय तो आमच्या निकषांप्रमाणे दोष आहे. आमच्या उत्पादनात तो नाही याची मी तुम्हाला खात्री देतो.”

“तेच तर म्हणतोय मी. नाहीये.”

“धन्यवाद, सर.”

“नाही, नाही. तो हवा. ती चव त्याची आहे.”

“सर, चव मूळ उत्पादनाशी तंतोतंत जुळते हे आमच्या चाचण्यांतून सिद्ध झालंय. कधीकधी आपल्या आठवणीतली चव आणि प्रत्यक्ष चव यांत फरक असतो. हे अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही यापूर्वी व्हर्ली ब्लाँड नियमित घेत होतात का?”

नॉर्बर्टने खाली पाहिले. बारच्या टोकावर त्याने इतके शुक्रवार जसे मान खाली घालून काढले होते, अगदी तशीच ती मान खाली गेली. “हो,” तो म्हणाला. “घेत होतो.”

अशा रीतीने ती बिअर कंपनीला पुन्हा एकदा, या वेळी फुकट, देऊ करण्यात आली, आणि कंपनीने ती नाकारली. खरेदी करणाऱ्याला आपण काय खरेदी केले हे कळलेच पाहिजे असे कोणत्याही करारात नसते.

“मी तुमची तक्रार नोंदवून घेतो, सर. तुमच्या म्हणण्याला काही दुजोरा...”

“ए!” ओडील उठली होती. तिने फोनवर झुकून, आम्ही दोघे बहिरे असल्यासारखे ओरडून सांगितले, “मी त्याची बहीण बोलतेय. ऐक नीट. हा माणूस आळशी आहे. यानं बापाची ब्रुअरी विकली आणि मला विचारलंसुद्धा नाही. पण हा खोटं बोलत नाही. कळलं? हा म्हणतो टोपी होती, म्हणजे टोपी होती. हा म्हणतो चव होती, म्हणजे होती. लिही!”

“मॅडम, हे मी कोणत्या सदरात...”

“लिही!” ती म्हणाली, आणि पिठाळ अंगठ्याने फोन बंद केला.

बाहेर पहिल्या गाड्यांची दारे वाजू लागली होती. ओडीलने माशांचा पहिला तुकडा पिठात बुडवला, तेलात सोडला, आणि नॉर्बर्ट अजूनही फोनसमोर उभा आहे हे पाहून खेकसली, “उभा काय राहिलास? बटाटे गार करून सोल.”

त्याने कोट काढला, खुंटीवर टांगला आणि बाह्या दुमडल्या.

“आणि सालांबरोबर बटाटा काढू नकोस,” ती म्हणाली. “आई ओरडायची ना तुला.”

“तुला ओरडायची,” नॉर्बर्ट म्हणाला.

तिने क्षणभर विचार केला. “हो,” ती म्हणाली. “मला.”